शितावरून भाताची परीक्षा

र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले आणि कामजीवनाविषयी स्पष्ट लिहिले, म्हणून त्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली. त्याच मुंबईतील देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था १९९२-९३ पासून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची व्यवस्था पाहत आली आहे. २०१९-२१ च्या पाहणीत सुमारे ६ लक्ष ३७ हजार घरांची माहिती घेतली गेली. असल्या नाजूक प्रश्नांची उत्तरे खरी कशी मानावयाची, ही शंका रास्त आहे. तिचाच विचार आपण करू.

प्रथम, विचारावयाचे कोणाला? सिंहस्थात रामकुंडावर उभे राहून भेटेल त्याला प्रश्न केले, तर नाशिककरांची माहिती मिळेल काय? तेथे बहुतेक परगावचे! शितावरून भाताची परीक्षा होते खरी. पण तळाचे करपलेले शीत उचलले, तर सारा भात करपला असे वाटावयाचे. म्हणून गावे व घरे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडतात.

याचे महत्त्व एड्सच्या बाबतीत दिसून आले. या रोगाचे विषाणू देशात पन्नास लाखांहून अधिक लोकांत आहेत, असा २००६ पर्यंत अंदाज होता. तो मुख्यतः सरकारी रुग्णालयांत येणाऱ्या गर्भवती आणि गुप्तरोगांचे रुग्ण यांच्या रक्तावरून बांधलेला होता. २००५-०६ च्या पाहणीत एक लाखाहून अधिक स्त्रीपुरुषांचे रक्त, त्यांच्या संमतीने, घरी जाऊन घेतले. त्याचा आणि रुग्णालयांतील वाढविलेल्या तपासणीचा मेळ घालून २००७ मध्ये नवा अंदाज निघाला: सुमारे पंचवीस लाख. रोग एकाएकी निम्म्यावर आला नव्हता. आपले माप सुधारले होते. अर्थात घरोघरच्या पाहणीतून तुरुंगातील कैदी, फिरतीवरचा ट्रकचालक निसटतात; म्हणून दोन्ही मापे हवीत.

दुसरे, विचारावयाचे कसे? स्त्रीला स्त्रीनेच विचारावे, तेही एकांतात, हा नियम आहे. रक्ताच्या नमुन्यावर नाव नसते. कारण कोणी ऐकत असेल, तर उत्तर ऐकणाऱ्यासाठी दिले जाते, आणि त्या उत्तरावरच पुढे औषधे व दवाखाने यांची तरतूद ठरते.

तेव्हा नाशिककर श्रोत्यांना आमची विनंती एवढीच: अशी पाहणी कधी आपल्या दारी आली, तर सूनबाईंनी उत्तरे द्यावीत की नाही, हे त्यांचे त्यांना ठरवू द्यावे, आणि त्या बोलत असताना सासूबाईंनी व यजमानांनी खुशाल ओट्यावर जाऊन बसावे.