पॅरिश-नोंदवह्या आणि कुलवृत्तान्ताचा पुरावा : स्ट्रॅटफर्डच्या शेक्सपिअर घराण्याचे उदाहरण

इंग्लंडातील एखाद्या सामान्य घराण्याचा पूर्ववृत्तान्त शोधू लागल्यास १८३७ सालापर्यंत मागे जाणे फारसे कठीण नसते. त्या वर्षीच्या १ जुलैपासून इंग्लंड व वेल्समध्ये जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंद सुरू झाली. १८५१ च्या खानेसुमारीत तर प्रत्येकाचा जन्म कोणत्या पॅरिशमध्ये झाला, हेही विचारलेले आहे. त्यापूर्वीच्या काळासाठी मात्र संशोधकाची मुख्य भिस्त गावोगावच्या चर्चमधील नोंदवह्यांवर असते. या साधनाचे मोल मोठे आहे. पण या वह्या म्हणजे वंशावळी नव्हेत. त्यांत बाप्तिस्मा, विवाह व दफन हे तीन विधी तेवढे लिहिलेले असतात. अमुक साली बाप्तिस्मा झालेले मूल आणि पंचवीस वर्षांनंतरचा त्याच नावाचा वर एकच, असे वही कोठेही सांगत नाही. ते संशोधक ठरवितो, आणि चूक व्हावयाची ती बहुधा तेथेच होते.

आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉम्वेल याने १५३८ साली प्रत्येक पॅरिशला अशी वही ठेवण्याची आज्ञा केली. वही दोन कुलपांच्या पेटीत ठेवावी, असेही त्याने बजावले होते. पेटीची दक्षता जेवढी होती तेवढी कागदाची नव्हती. प्रारंभीच्या नोंदी पुष्कळ ठिकाणी कागदावरच होत्या आणि त्या जीर्ण झाल्या. म्हणून १५९८ साली त्यांच्या नकला चर्मपत्रावर उतरविण्याचा हुकूम निघाला. एलिझाबेथ राणीच्या राज्यारोहणापासूनच्या नोंदींकडे विशेष लक्ष द्यावे, अशी त्यात सूचना होती. परिणामी अनेक पाद्र्यांनी त्यामागील वर्षांचा त्रास घेतलाच नाही, आणि कितीतरी गावांच्या वह्या १५५८ सालीच सुरू झालेल्या दिसतात. त्याच सुमारास वर्षभराच्या नोंदींची नक्कल बिशपकडे पाठविण्याचा प्रघातही पक्का झाला. मूळ वही नष्ट झाली असेल तेथे या नकलाच आधार होतात. दोन्ही उपलब्ध असतील तेथे त्या ताडून पाहणे अवश्य आहे.

स्ट्रॅटफर्डची जुनी वही अशीच एक नक्कल आहे. विल्यम शेक्सपिअरच्या बाप्तिस्म्याची २६ एप्रिल १५६४ ची जी सुप्रसिद्ध नोंद, ती १५६४ साली लिहिलेली नसून १६०० च्या सुमारास उतरून काढलेली आहे. नोंद लॅटिनमध्ये आहे आणि तीत पित्याचे नाव षष्ठी विभक्तीत असावयास हवे तेथे प्रथमेत पडले आहे. हा दोष मूळ लेखकाचा की नक्कल करणाराचा, हे सांगण्यास मार्ग नाही. शिवाय नोंद बाप्तिस्म्याची आहे, जन्माची नव्हे. २३ एप्रिल ही जन्मतिथी परंपरेने मानलेली आहे. वहीत ती नाही.

नामसाम्याचा धोका किती खरा आहे, हे याच घराण्याच्या इतिहासावरून स्पष्ट होते. निकोलस रो याने १७०९ साली प्रसिद्ध केलेल्या चरित्रात नाटककाराच्या पित्यास दहा अपत्ये होती असे लिहिले. त्याला माहिती पुरविणारा नट टॉमस बेटर्टन याने वॉरिकशरमध्ये जाऊन चौकशी केली होती. तेव्हा विधान अगदीच निराधार होते असे नाही. वहीत जॉन शेक्सपिअरची मुले म्हणून १५५८ ते १५८० या काळात आठ नावे येतात, आणि १५८९ ते १५९१ या काळात अर्सुला, हम्फ्री व फिलिप अशी आणखी तीन. परंतु ही शेवटची तिघे दुसऱ्याच जॉनची होत. नाटककाराचा पिता हातमोजे करणारा होता. हा दुसरा जोडे शिवणारा. एडमंड मलोन याने अठराव्या शतकाच्या अखेरीस या दोघांना वेगळे केले. त्यासाठी एकट्या चर्चच्या वहीवर विसंबून भागले नसते. नगरसभेची कागदपत्रे पाहावी लागली. वहीतही एक खूण होतीच. पहिला जॉन १५६८ साली नगराचा बेलिफ, म्हणजे प्रमुख, झाला होता. त्यामुळे १५८० साली त्याच्या एडमंड या मुलाची नोंद करताना पित्याच्या नावापूर्वी आदरार्थी उपपद लावलेले आहे. मोच्याच्या मुलांच्या नोंदीत ते नाही. ज्याने केवळ नावे उतरून घेतली, त्याच्या नजरेतून एवढी लहान खूण सहज सुटते.

कालगणनेचा घोटाळाही असाच फसवा आहे. १७५२ पूर्वी इंग्लंडात वर्षारंभ २५ मार्चला होत असे. नाटककाराची थोरली कन्या सुझॅना हिचा विवाह ५ जून १६०७ रोजी झाला, आणि तिच्या मुलीचा बाप्तिस्मा वहीप्रमाणे २१ फेब्रुवारी १६०७ रोजी! नवख्या वाचकास मुलगी मातापित्यांच्या विवाहाआधीची वाटेल. वस्तुतः तो फेब्रुवारी आजच्या गणनेने १६०८ चा होय.

कधी कधी जी नोंद हवी नेमकी तीच मिळत नाही. खुद्द शेक्सपिअरचा विवाह स्ट्रॅटफर्डच्या वहीत नाही. वुस्टरच्या बिशपच्या दप्तरात २७ नोव्हेंबर १५८२ रोजी दिलेल्या परवान्याची नोंद आहे. तीत वधू टेंपल ग्राफ्टनची ॲन व्हेटली अशी आहे. दुसऱ्याच दिवसाच्या हमीपत्रात मात्र ती स्ट्रॅटफर्डची ॲन हॅथवे आहे. यावरून काही लेखकांनी दोन स्त्रियांची कथा रचली. त्याच दिवशी त्याच कचेरीत व्हेटली नावाच्या एकाचे प्रकरण चालू होते. तेव्हा ते आडनाव कारकुनाच्या लेखणीतून चुकून उतरले, असे मानणे अधिक सयुक्तिक आहे. नोंद सरकारी वा धर्मपीठाची आहे एवढ्यावरून ती निर्दोष ठरत नाही.

सतराव्या शतकाच्या मध्यात, यादवी युद्धाच्या धामधुमीत, बहुतेक वह्यांत खंड पडला आहे. कॅथलिक, क्वेकर व इतर प्रस्थापित चर्चबाहेरचे लोक त्यांत अपुरे सापडतात किंवा सापडतच नाहीत. पुढे परिस्थिती सुधारली. १७५४ पासून विवाहाच्या नोंदीवर वधूवर व साक्षीदार यांच्या सह्या किंवा निशाण्या येऊ लागल्या. १८१३ पासून छापील नमुन्यांमुळे पित्याचा धंदा व राहण्याचे ठिकाण, तसेच मृताचे वय, यांची भर पडली. सही ही ओळख पटविण्याच्या कामी फार उपयोगी पडते. दोन नोंदींतील हस्ताक्षर जुळले तर अनुमान बरेच बळकट होते.

आज अनेक वह्यांच्या प्रतिमा व नामसूची संगणकावर पाहता येतात. त्यामुळे शोध जलद झाला, पण पहिले जुळणारे नाव उचलण्याचा मोहही वाढला. याला एकच उतारा आहे, आणि नेमका तोच टाळला जातो : दफनाच्या नोंदी तपासणे. शेक्सपिअरची बहीण मार्गरेट हिचा बाप्तिस्मा डिसेंबर १५६२ मधला, आणि दफन ३० एप्रिल १५६३ चे. ही दुसरी नोंद न पाहणाऱ्यास वीस वर्षांनंतरची कोणतीही मार्गरेट शेक्सपिअर तीच वाटू शकेल. जोन हे नाव तर भावंडांत दोनदा, १५५८ व १५६९ साली, आले आहे. यावरून पहिली जोन लहानपणीच वारली असे अनुमान करतात. ते बहुधा बरोबर आहे. परंतु त्या काळी हयात असलेल्या दोन भावंडांना एकच नाव दिल्याची उदाहरणेही इंग्लंडात आढळतात, म्हणून त्यास सिद्ध पुरावा म्हणता येणार नाही.

लोकसंख्येच्या इतिहासकारांनी हीच शिस्त अधिक कठोरपणे पाळली. ई. ए. रिग्ली यांनी डेव्हनमधील कॉलिटन या पॅरिशची कुटुंबे नोंदींवरून जुळवून १९६६ साली आपले निष्कर्ष मांडले. त्या पद्धतीत, जे कुटुंब निरीक्षणाखाली होते असे नोंदींवरून दाखविता येत नाही, ते त्या काळापुरते गणनेतून वगळावे लागते. पुढे रिग्ली व स्कोफील्ड यांच्या १९८१ च्या ग्रंथासाठी ४०४ पॅरिशांतील नोंदींची बेरीज वापरली गेली.

अशा शोधाचा एक धागा मुंबईपर्यंतही येतो. वॉरिकशर किंवा डेव्हनच्या वहीत बाप्तिस्मा सापडावा आणि दफन कोठेच सापडू नये, असा माणूस कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात आला असण्याचा संभव असतो. मुंबई इलाख्यातील पाद्र्यांनी लंडनला पाठविलेल्या बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नकला १७०९ पासूनच्या असून त्या आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्याही नकलाच असल्याने, स्ट्रॅटफर्डच्या वहीला लावावयाची कसोटी त्यांनाही लावावी लागते.