खाज नसलेली खरूज

खरूज आपल्या वस्त्यांना व वसतिगृहांना नवी नाही. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेभोवती पुरळ येते आणि रात्री खाज वाढते, हे सर्वांस ठाऊक आहे. किडा चावतो म्हणून खाजते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. खरजेची मादी कातडीच्या वरच्या थरात बीळ करून अंडी घालते. तिच्याविरुद्ध, तिच्या विष्ठेविरुद्ध आपले शरीर जी प्रतिक्रिया देते, तिचीच ही खाज. म्हणून पहिल्या वेळी चार ते सहा आठवडे काहीच जाणवत नाही. पुन्हा लागण झाली तर मात्र दोन-चार दिवसांतच खाज सुटते. शरीराने शत्रू ओळखून ठेवलेला असतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधील शेफील्ड येथे केनेथ मेलानबी यांनी खरजेच्या रुग्णांवरील किडे मोजले. एका माणसावर प्रौढ माद्या सरासरी अकराच्या आसपास भरल्या! एवढ्याशा किड्यांनी माणूस हैराण होतो तो या प्रतिक्रियेमुळे; पण तीच प्रतिक्रिया आणि खाजवणारी नखे मिळून किड्यांची संख्या आटोक्यात ठेवतात.

एचआयव्ही नेमका येथेच घाव घालतो. रोगप्रतिकाराच्या इतर पेशींना कामाला लावणाऱ्या सीडी-४ पेशी तो नष्ट करतो. निरोगी प्रौढाच्या एका घन मिलिमीटर रक्तात त्या साधारण ५०० ते १५०० असतात. त्या २०० च्या खाली गेल्या की किडे हजारांनी, कधी लाखांनी वाढू शकतात. कातडीवर राखाडी, जाड, भेगाळलेले पापुद्रे चढतात, नखांखालीही साचतात. खाज मात्र कित्येकदा नसतेच. विशेष म्हणजे अशा रुग्णांच्या रक्तात आयजीई प्रतिपिंडे भरपूर वाढलेली आढळतात. शरीर लढते, पण ती लढाई किड्यांना रोखत नाही. खाज नाही म्हणून खरजेची शंका येत नाही. सोरायसिस समजून स्टेरॉइडचे मलम चोळले जाते आणि रोग आणखी फोफावतो.

हा प्रकार प्रथम १८४८ साली डॅनिएलसेन व बोएक यांनी नॉर्वेतील कुष्ठरुग्णांमध्ये नोंदवला. तेव्हा पापुद्रे दिसले की एचआयव्हीच, असे कोणी ठरवू नये. रक्ततपासणी मात्र जरूर करावी, तीही रुग्णाच्या संमतीने.

गळालेल्या पापुद्र्यांतून लागण झपाट्याने होते, हे खरे. त्यावर उपाय रुग्णाला ओसरीवर टाकणे हा नव्हे. तथागतांनी आजारी भिक्खूला स्वतः आंघोळ घातल्याचा प्रसंग विनयपिटकात आहे. आपल्याला तर हातमोजेही मिळतात. घरातील सर्वांनी एकाच दिवशी पर्मेथ्रिन मलम लावावे आणि कपडे-अंथरूण गरम पाण्यात धुवावे. रुग्णाला त्याशिवाय आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने अनेक वेळा घ्याव्या लागतात.

एचआयव्हीवरील औषधे सरकारी एआरटी केंद्रांत २००४ पासून मोफत मिळतात. ती सुरू केल्यावर काही रुग्णांना पूर्वी नसलेली खाज सुटते. प्रतिकारशक्ती परतल्यामुळे दडलेली खरूज आता जाणवू लागलेली असू शकते. औषध बाधले असे समजून गोळ्या बंद न करता त्याच केंद्रात कातडी दाखवावी.