खर्जाच्या नादीं लागलेलीं दोन मुलें

गेल्या दिवाळीच्या सुट्टींत आमचे एक जुने स्नेही सकाळींच घरीं आले. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या, तरी त्यांचें चित्त ठिकाणावर नव्हतें. शेवटीं त्यांनीं मनांतली गोष्ट काढली. त्यांचे धाकटे चिरंजीव सोळा वर्षांचे. गणितांत बुद्धि चांगली. परंतु गेलें वर्षभर मुलगा शाळेंतून येतो तो थेट माडीवर जातो, दार लावून घेतो, आणि कानांवर यंत्र चढवून संगणकापुढें बसतो. जेवणासाठीं चारचारदां हांक मारावी तेव्हां खालीं येतो. कानांवरचें यंत्र काढून तो कर्ण्यावर वाजवूं लागला, कीं खालीं स्वयंपाकघरांतल्या फळीवरचीं भांडीं थरथरूं लागतात. "म्हणतो, मी संगीत रचतों. ह्याला संगीत म्हणावें काय?" असें त्यांनीं आम्हांस विचारिलें. आम्हीही फारसा विचार न करतां, वडीलकीच्या ऐटींत, "परीक्षा होईपर्यंत तें यंत्र कपाटांत कुलूप लावून ठेवा," असा सल्ला देऊन मोकळे झालों.

सल्ला देणें सोपें असतें. स्नेही गेल्यावर मात्र मनाला चुटपुट लागली, कीं ज्या गोष्टीची आपणांस कांहींच माहिती नाहीं तिच्याविषयीं आपण निकाल देऊन बसलों. म्हणून आम्हीं त्या मुलालाच बोलावून घेतलें आणि "तूं करतोस तें काय, व तुझ्याआधीं हें कोणीं केलें, तें सांग," असें म्हटलें. त्यानें दोन नांवें सांगितलीं. त्या नांवांचा माग काढतां काढतां जी हकीकत हातीं लागली ती आमच्या वाचकांस, विशेषतः ज्यांच्या माडीवर असा एखादा मुलगा आहे अशा घरांस, सांगण्याजोगी वाटली.

लंडनच्या दक्षिण अंगास क्रॉयडन नांवाचा भाग आहे. तेथील सरे स्ट्रीट ही बाजाराची गल्ली शेंकडों वर्षांची जुनी. ह्या गल्लींत, भाजीफळांच्या गाड्यांच्या गर्दींत, ‘बिग ॲपल’ नांवाचें ध्वनिमुद्रिकांचें एक दुकान होतें. दुकान तें काय, पण आसपासच्या संगीतवेड्या तरुणांचा तो अड्डाच होता. हॅचा नांवानें पुढें प्रसिद्धीस आलेला मुद्रिका वाजविणारा तरुण तेथें गिऱ्हाइकांस माल दाखवी, आणि आर्टवर्क ह्या नांवानें ओळखला जाणारा संगीतकार वरच्या मजल्यावर आपल्या रचना तयार करी. सन २००० च्या सुमारास ह्या दुकानांत दोन पोरगेलीं मुलें येऊं लागलीं. एक ऑलिव्हर जोन्स, दुसरा अडेगबेंगा अडेजुमो; दोघेही १९८६ सालीं जन्मलेले. जोन्स तर पुढें त्याच दुकानांत कामाला लागला. ह्याच दोघांना पुढें जग ‘स्क्रीम’ व ‘बेंगा’ ह्या नांवांनीं ओळखूं लागलें.

ह्या मुलांपाशीं वाद्यें नव्हतीं, कीं गुरूही नव्हता. होता तो घरचा साधा संगणक आणि त्यावर चालणारी ‘फ्रुटी लूप्स’ नांवाची आज्ञावली. बेल्जममधील एका कंपनीनें ती १९९७ सालीं काढिली. तिचें काम वाचकांस समजण्यास कठीण नाहीं. पडद्यावर प्रत्येक वाद्यासाठीं सोळा घरांची एक ओळ असते. ज्या घरावर खूण करावी तेथें आघात पडतो, रिकामें सोडावें तेथें विराम. सोळा घरें संपलीं कीं आवर्तन पुन्हां पहिल्या घरावर येतें. आमच्याकडील त्रिताल ज्यानें वहींत लिहून घेतला आहे, त्यास ही मांडणी मुळींच परकी वाटणार नाहीं. दोघे मुलगे आपापल्या घरीं बसून रचना करीत, आणि एखादी जमली कीं दूरध्वनीवरून एकमेकांस ऐकवीत. एकानें कांहीं नवें केलें कीं दुसऱ्यास चैन पडत नसे. आमच्या मतें त्यांची खरी पाठशाळा हीच.

आतां, ह्या संगीतांत विशेष तो काय? त्याचा विशेष खर्जांत आहे. आपल्या मृदंगाचें उदाहरण घ्या. पखवाजाच्या डाव्या पुडीला वाजविण्यापूर्वीं कणीक लावतात, ती कशासाठीं? पुडी जड व्हावी आणि तिचा नाद खोल उतरावा म्हणून. हा नाद कानांपेक्षां छातींत अधिक वाजतो. क्रॉयडनच्या मुलांनीं नेमका हाच नाद धरिला, आणि यंत्राच्या साह्यानें तो आणखी खालीं नेला. सेकंदास पन्नास कंपनांचा सूर घेतला, तर त्याची एक लाट सुमारें सात मीटर लांब भरते, म्हणजे दिवाणखान्याहूनही मोठी. ती भिंतीनें अडत नाहीं. भिंतीसकट सारें घर हलविते. आमच्या स्नेह्यांच्या फळीवरचीं भांडीं थरथरत होतीं तीं ह्याच कारणानें. शिवाय इतक्या खालच्या स्वरांस माणसाचा कान मंद असतो, म्हणून ते नीट ऐकूं यावेत तर जोर फार लावावा लागतो, आणि कर्णे आकारानें मोठे लागतात.

हें वेड क्रॉयडनमध्यें कोठून आलें? त्याचें मूळ सातासमुद्रांपलीकडे जमेका बेटांत आहे. तेथें किंग्स्टन शहरांत १९५० नंतरच्या काळांत रस्त्यावर प्रचंड कर्णे रचून गाणीं वाजविण्याची चाल पडली. पुढें १९७० च्या आसपास किंग टबी नांवाच्या विद्युत्‌यंत्रें दुरुस्त करणाऱ्या कारागिरानें तयार गाण्यांतील गायकाचा आवाज काढून टाकून केवळ खर्ज आणि ताल तेवढा उरवावयाचा, असा नवाच प्रकार केला. त्यास ‘डब’ म्हणतात. १९४८ सालीं ‘विंडरश’ बोट कॅरिबियन बेटांतील माणसें घेऊन इंग्लंडला लागली. तिच्या मागून हजारों कुटुंबें आलीं आणि त्यांपैकीं अनेक दक्षिण लंडनमध्यें स्थिरावलीं. आपल्याबरोबर त्यांनीं ही कर्ण्यांची परंपराही आणिली. क्रॉयडनच्या मुलांनीं ती हवेंतूनच उचलली. तिच्यांत लंडनमधील त्या वेळच्या नृत्यसंगीताची चाल मिसळून जें निपजलें त्यास २००२ च्या सुमारास ‘डबस्टेप’ हें नांव मिळालें. मिनिटास सुमारें १४० मात्रांची लय, परंतु ठोके इतके विरळ कीं ऐकणारास ती निम्मीच वाटावी.

पहिलीं वर्षें उपेक्षेचीं गेलीं. बेंगाची पहिली मुद्रिका २००२ सालीं ‘बिग ॲपल’नेंच काढिली; पुढच्या वर्षीं दोघांची मिळून एक निघाली. २००४ सालीं तें दुकान बंद पडलें. ‘फॉरवर्ड’ नांवाची एक बैठक मात्र लंडनच्या शोरडिच भागांत ‘प्लास्टिक पीपल’ ह्या तळघरांत भरे. तेथें जेमतेम दोनशें माणसें मावत आणि दिवे जवळजवळ नसतच. नवी रचना तयार झाली कीं लाखेसारख्या मऊ लेपाच्या तबकडीवर तिची एकच प्रत कापून घ्यावयाची आणि त्या अंधारांत वाजवावयाची. अशी तबकडी थोड्याच वाजविण्यांनीं झिजते. तेव्हां जी रचना ऐकावयाची ती तेथें जाऊनच. ‘रिन्स’ नांवाचें परवान्यावांचून चालणारें एक नभोवाणी केंद्रही ह्या मंडळींस आधार देई. त्या केंद्रास परवाना मिळाला तो पुढें २०१० सालीं.

२००५ हें वर्ष भाग्याचें ठरलें. स्क्रीमची ‘मिडनाइट रिक्वेस्ट लाइन’ नांवाची रचना ‘टेम्पा’ ह्या संस्थेनें प्रसिद्ध केली. तोंवर ह्या संगीतांत खर्ज आणि ताल हेच सर्वस्व होतें. ह्या मुलानें त्यावर ओठांवर रेंगाळणारी सुरावट बसविली, आणि ज्यांना हा प्रकार रुचत नसे त्यांनींही कान टवकारले. त्याच वर्षीं ब्रिक्स्टनमध्यें, सेंट मॅथ्यू चर्चच्या इमारतींतील एका खोलींत, ह्याच कंपूंतील इतर तरुणांनीं ‘डीएमझी’ नांवाची बैठक सुरू केली. खर्जाच्या भाराचें चिंतन करावयास या, असें त्यांचें निमंत्रण असे. वर्षभरांतच गर्दी इतकी लोटली कीं खालची खोली सोडून वरच्या मोठ्या दालनांत जावें लागलें. जानेवारी २००६ मध्यें बीबीसीवर मेरी ॲन हॉब्स ह्या बाईंनीं ह्या मंडळींस एकत्र आणून एक विशेष कार्यक्रम केला, आणि दोनशें माणसांच्या तळघरांतील गोष्ट जगभर झाली. २००९ सालीं ला रू ह्या गायनसंघाच्या एका गीताची स्क्रीमनें नवी मांडणी केली. तींत त्यानें तालवाद्यें जवळजवळ शेवटपर्यंत आवरून धरलीं आणि एकदम सोडलीं. ज्यास विराम कळला त्यास संगीत कळलें, असें आम्हांस तें ऐकतांना वाटलें. २०१० सालीं स्क्रीम, बेंगा आणि दुकानाच्या माडीवरचे ते आर्टवर्क ह्या तिघांनीं ‘मॅग्नेटिक मॅन’ ह्या नांवानें रचलेलें एक गीत इंग्लंडच्या खपाच्या यादींत दहाव्या क्रमांकास पोंचलें.

येथवरची कथा कोणासही सांगावीशी वाटेल अशी आहे. पण येथेंच थांबलों तर वाचकांशीं प्रतारणा होईल. २०१४ सालीं बेंगानें अचानक निवृत्ति जाहीर केली. पुढच्या वर्षीं त्यानें स्वतःच उघड सांगितलें, कीं आपणांस मनाचा गंभीर विकार झाला होता. मादक पदार्थ आणि विसांवा न घेतां केलेले दौरे हीं त्याचीं कारणें होत. रात्रीमागून रात्री निरनिराळ्या गांवीं जागावयाच्या, दिवसा प्रवास करावयाचा, आणि जेथें जावें तेथें नशेचें आमंत्रण हात जोडून उभें. अशा आयुष्यांत विशींतल्या तरुणानें तोल कसा सांभाळावा? बेंगा पुन्हां संगीताकडे वळला, हें समाधान. परंतु ज्या धैर्यानें त्यानें आपलें दुखणें लोकांपुढें ठेविलें, त्याचें मोल आम्ही त्याच्या कोणत्याही मुद्रिकेहून कमी समजत नाहीं. दुखणें लपविण्याची संवय आमच्या प्रतिष्ठित घरांत तर फारच मुरलेली आहे.

ह्या हकीकतीवरून आमच्या मतें दोन गोष्टी निघतात. पहिली ही, कीं त्या मुलांस बिघडविलें तें यंत्रानें नव्हे. बंद खोलींतील यंत्रानें त्यांस कला दिली. घाला पडला तो पुढें, घराबाहेर, जेव्हां कीर्तीच्या दिवसांत झोंप आणि नियम दोन्हीं सुटलीं. तेव्हां सोळाव्या वर्षीं यंत्र कुलुपांत ठेवणारा बाप चुकीच्या जागीं पहारा देत असतो. मुलानें आपलें काम घरांत मोकळेपणीं दाखवावें, आणि पुढें कधीं थकला तर घरांतच येऊन सांगावें, एवढा विश्वास आज जोडून ठेवणें हा खरा पहारा.

दुसरी गोष्ट कानांची. पंच्याऐंशीं डेसिबलचा आवाज आठ तास सहन करावा, आणि त्यापुढें दर तीन डेसिबलांस तो वेळ निम्मा धरावा, असा तज्ज्ञांचा नियम आहे. म्हणजे शंभर डेसिबल झाले तर पाव तासच काय तो उरतो. आपल्याकडेही खर्जाचें हें वेड आतां परकें राहिलेलें नाहीं. ‘न्यूक्लिया’ ह्या नांवानें रचना करणाऱ्या उदयन सागर ह्यांनीं आपला ‘बास रानी’ हा संग्रह २०१५ सालीं मुंबईंत गणेशविसर्जनाच्या दिवशींच प्रसिद्ध केला. मिरवणुकींतील कर्ण्यांच्या भिंतींपुढें ज्यांच्या घराच्या कांचा खडखडल्या आहेत, त्यांचा त्रागा आम्ही जाणतों. तो आमचाही आहे. परंतु मूर्खपणानें वाजविलेल्या आवाजावरून त्या नादाचीच परीक्षा करणें न्यायाचें नव्हे.

असो. गेल्या महिन्यांत आम्ही स्नेह्यांच्या घरीं जाऊन आपला सल्ला परत घेतला. मुलानें कर्णा लावला, आमच्या विनंतीवरून बेताच्या आवाजांत. घरचे आजोबा, वय ब्याऐंशीं, तरुणपणीं पखवाज शिकलेले, काठी टेंकीत माडीवर आले, खुर्चींत बसले आणि कर्ण्यावर तळहात ठेवून डोळे मिटून ऐकूं लागले. थोड्या वेळानें म्हणाले, "बाळ, ह्याची सम कोठें रे?" मुलानें पडद्यावरचीं सोळा घरें दाखविलीं. पहिल्या घरावर एक ठोका होता. सर्वांत जड आघात नवव्या घरावर. म्हातारबोवांनीं बोटांवर मोजून पाहिलें, पुन्हां एकदां मोजिलें, आणि हंसले. "अरे, आमची जेथें खाली, तेथें ह्यांची भरी!"

खालीं जेवणाचीं पानें वाढलीं होतीं. स्नेह्यांनीं दोनदां हांक मारिली, पण कोणी उठेना. आजोबा नातवास मांडीवर त्रितालाचा ठेका धरून दाखवीत होते, आणि नातू एकएक घर खुडून पडद्यावर तो उतरवून घेत होता.