औषधप्रमादाची कारणमीमांसा

दि. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातील एका गावी पोलिओ-लसीकरणाच्या वेळी १२ बालकांना लशीऐवजी हात स्वच्छ करावयाचे सॅनिटायझर पाजले गेले. सुदैवाने बालके बचावली. तिघा कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. परंतु दोषी व्यक्ती सापडताच शोध थांबतो, ही आपल्याकडील चौकशीची जुनी खोड होय. मुखात द्यावयाचे व हातास लावावयाचे द्रव्य इतके जवळ आलेच कसे, हे आधी पुसावयास हवे. लशीच्या कुपीवर उष्णतेने रंग पालटणारा चौकोन असतो व थेंब देण्यापूर्वी तो पाहावयाचा असतो. सॅनिटायझरच्या बाटलीवर तो असणार कोठून? तेव्हा ही तपासणी घाईने गळली, की अपुऱ्या प्रशिक्षणामुळे, की सवयीने, हे ठरविल्यावाचून कारण सापडले असे म्हणता येत नाही. पहिल्या बालकापासून बाराव्यापर्यंत ही चूक कोणाच्याच ध्यानी का आली नाही, हेही त्यातच येते.