घरातलं उस्तेद

स्पॅनिशच्या पहिल्याच तासाला मी फळ्यावर लिहिते: ‘तू’ म्हणजे तू, ‘उस्तेद’ म्हणजे तुम्ही. ‘तू’चा तर उच्चारसुद्धा मराठीसारखाच, म्हणून वर्ग खूश होतो. पण मी बोगोतात राहिलेली. तिथे हे कोष्टक दोन दिवसही टिकत नाही, हेही सांगावं लागतं.

कोलंबियाच्या या राजधानीत साहेबाला उस्तेद म्हणतात, तसंच सख्ख्या भावालाही. नवरा-बायको, जुने दोस्त, सगळे उस्तेद. म्हणजे अगदी परका आणि अगदी जवळचा, दोघांना एकच शब्द. ‘तू’ उरतो तो मधल्या, बेताच्या ओळखीसाठी. दोन पुरुषांनी आपसात ‘तू’ म्हटलं, तर जुन्या पिढीला ते नखरेल वाटायचं. श्रीमंत घरच्या पोरांना ‘गोमेलो’ म्हणून चिडवतात, आणि त्या चिडवण्यात हा ‘तू’ही येतो. तरुण मुलांत मात्र तो आता बराच रुळलाय.

माझी घरमालकीण शेजारच्या बोयाका प्रांतातली. तिचा तिसराच शब्द: ‘सुमेर्से’. मूळचा दरबारी, ‘आपली कृपा’ अशा अर्थाचा. ती तो नवऱ्याला आणि भाजीवाल्याला सारख्याच मायेने लावायची. कोलंबियातल्याच मेदेयीनला गेलं की ‘तू’च्या जागी ‘वोस’, कार्ताहेनाच्या किनाऱ्यावर भराभर ‘तू’. किनाऱ्यावरच्यांना बोगोताकर थंड वाटतात, बोगोताकरांना ते आगाऊ. आईला ‘अगं’ आणि वडिलांना ‘अहो’ म्हणत वाढलेल्या मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये. चिडलेली आई पोराला ‘या, महाराज’ म्हणते, तशी तिकडची ‘तू’ म्हणणारी आईही तो सोडून उस्तेदवर येते.

स्पेनची तऱ्हा निराळी. १९७५ साली हुकूमशहा फ्रँको गेला, लोकशाही आली, आणि आधीच पसरू लागलेला ‘तू’ दुकानांत, बँकांत, कचेऱ्यांत शिरला. २००७ मध्ये चिलीतल्या शिखर परिषदेत स्पेनचे राजे हुआन कार्लोस यांनी व्हेनेझुएलाचे अध्यक्ष चावेझ यांना गप्प बसायला सुनावलं, तेही ‘तू’च्या क्रियापदात. राजाने कुणालाही ‘तू’ म्हणणं स्पेनला नवं नव्हतं. पण ज्या खंडाच्या मोठ्या भागावर स्पेनने तीन शतकं राज्य केलं, तिथल्या अनेकांना त्यात जुन्या मालकाचा आवाज ऐकू आला. मला विचाराल, तर त्यांचं चुकलं नाही.

बोगोताला जाणार असाल, तर उस्तेदनेच सुरुवात करा. समोरचा ‘तू’वर आला, तरच तुम्ही या. आणि नाही आला, तर त्याने तुम्हाला परकं मानलं असं समजू नका.