विश्लेषण : सूर्यावरील डागांवरून जुन्नर, आंबेगावच्या पावसाचा अंदाज बांधता येतो का?

सूर्य साधारण ११ वर्षांच्या चक्रात कमी-अधिक सक्रिय होतो. सध्याचे २५वे सौरचक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाले आणि ते शिखर टप्प्यात पोहोचल्याचे ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झाले. आता पुढची काही वर्षे उताराची. सूर्य शांत झाला की दुष्काळ पडतो, हा समज जुना आहे. टोमॅटो, कांदा, द्राक्षांवर वर्षाचे गणित बांधणाऱ्या जुन्नर, आंबेगावच्या शेतकऱ्यांनी त्यावर कितपत विसंबावे?

सूर्याची सक्रियता म्हणजे काय?

सूर्याच्या पृष्ठभागावर जिथे चुंबकीय क्षेत्र फार प्रबळ होते, तो भाग तुलनेने थंड आणि काळपट दिसतो. हेच सूर्यडाग. डाग वाढले की सूर्य सक्रिय समजला जातो. मात्र पृथ्वीपाशी दर चौरस मीटरला सरासरी १,३६१ वॅट पोहोचणाऱ्या सौरऊर्जेत चक्राच्या शिखर आणि तळ यांमध्ये फरक पडतो तो जेमतेम ०.१ टक्का.

दुष्काळाशी संबंध कोणी जोडला?

१८७६ ते १८७८ या काळात पुणे जिल्ह्यासह दख्खन होरपळली. त्याच सुमारास सूर्यडागही तळाला गेले होते. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर आणि अधिकारी विल्यम हंटर यांनी १८७७ मध्ये मद्रासच्या पावसाच्या नोंदींवरून डाग आणि दुष्काळ यांचा मेळ घालून दाखवला.

हे गणित का टिकले नाही?

१९०४ मध्ये भारतीय हवामान खात्याची सूत्रे घेतलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी सूर्यडाग आणि पावसाची आकडेवारी ताडून पाहिली. अंदाजाला आधार ठरेल एवढा संबंध त्यांना आढळला नाही. अलीकडचे दुष्काळही तेच सांगतात. २००२ मध्ये सूर्य शिखराजवळ होता, तेव्हा देशात मोसमी पाऊस सरासरीपेक्षा १९ टक्के कमी झाला. २००९ मध्ये सूर्य तळाशी होता, तेव्हा तूट २२ टक्के होती. दोन्ही वर्षांत समान होता तो प्रशांत महासागरातील एल निनो. १८७७ मध्येही तो होताच.

मग सूर्याचा परिणामच नाही का?

आहे, पण सूक्ष्म. सूर्याच्या अतिनील किरणांत एकूण ऊर्जेपेक्षा जास्त चढउतार होतो. हे किरण ओझोन थर तापवतात आणि त्यामुळे उंचावरचे वारे किंचित बदलू शकतात. १६४५ ते १७१५ दरम्यान डाग जवळपास नाहीसे झाले होते. तेव्हा युरोपात कडक हिवाळे पडले, मात्र त्यात ज्वालामुखींचाही वाटा होता. सध्याच्या तापमानवाढीचे खापर तर सूर्यावर फोडताच येत नाही. १९८०च्या दशकापासून त्याची ऊर्जा वाढलेली नाही, पृथ्वी मात्र तापतेच आहे.

खोडदची दुर्बीण पावसासाठी आहे का?

नाही. जुन्नर तालुक्यातील खोडद येथील जीएमआरटी ही ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. ती दूरच्या दीर्घिका, स्पंदक तारे यांच्याबरोबर सूर्याच्या रेडिओलहरीही टिपते. सौरवादळांचा धोका उपग्रह आणि रेडिओसंदेशांना असतो. पावसाचा अंदाज हे या दुर्बिणीचे काम नाही.

शेतकऱ्यांनी कशाकडे पाहावे?

एल निनो, हिंद महासागराचे तापमान आणि सह्याद्री यांच्याकडे. नाणेघाटाच्या बाजूला धो धो पाऊस पडतो, तर त्याच तालुक्यात पूर्वेला बेल्हे परिसर पर्जन्यछायेत राहतो. हा फरक डोंगर ठरवतो, सूर्यडाग नव्हे. त्यामुळे लागवडीचा निर्णय घेताना हवामान खात्याचे एप्रिल आणि मेअखेरचे अंदाज, पावसाळ्यातील साप्ताहिक अंदाज आणि माणिकडोह, येडगाव, डिंभे धरणांतील साठा यांचाच आधार घेणे शहाणपणाचे.