हातविणीचे मोजे : छंद किती, धंदा किती?

सोलापूर म्हटले की चादर व टॉवेल आठवतात. दोन्ही मागावर, ताण्या-बाण्यातून तयार होतात. मोज्याची तऱ्हा निराळी. त्यात एकच धागा फाशात फासा अडकवीत गोल फिरतो, म्हणून वीण ताणली जाते आणि पायाला बसते.

ही कला जुनी आहे. इजिप्तमध्ये सापडलेले सुमारे ११ ते १३ व्या शतकातील विणलेले मोजे सुतीच असून काहींवर निळ्या-पांढऱ्या धाग्यात अरबी अक्षरांसारखी नक्षी आहे. इंग्लंडात विल्यम ली याने मोजे विणण्याचे यंत्र केले ते १५८९ साली.

आपल्या उन्हाळी मुलखात लोकरीपेक्षा सूत बरे. मात्र सूत लोकरीइतके ताणत नाही. म्हणून आधी हातभर नमुना विणून, धुऊन, वाळवून मगच टाके मोजावेत. पंजाचा घेर ९ इंच व इंचात ८ टाके बसत असतील तर ७२ होतात. मोजा घट्ट राहावा म्हणून दहावा हिस्सा वजा करून ६४ घ्यावेत. हे टाके तीन-चार सुयांवर वाटून, जादा सुईने गोल विणावे. वरची पट्टी दोन सुलट, दोन उलट. टाचेसाठी निम्मे, म्हणजे ३२ टाके स्वतंत्र विणून वळवावेत. शेवटी बोटांकडे टाके घटवीत तोंड शिवून घ्यावे. तळव्याखाली गाठ येऊ देऊ नये. ती चालताना टोचते. रंगीत सूत ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून रंग पक्का आहे की नाही ते पाहावे.

आता हिशेब. मोठ्या माणसाच्या एका जोडीला १५ ते २० तास सहज लागतात. तासाला केवळ २० रुपये धरले तरी मजुरीच ३०० ते ४०० रुपये होते, सूत वेगळे. यंत्राच्या मोज्याशी या भावात टक्कर होणार नाही. घरातील भगिनींची मेहनत फुकट धरून भाव लावणे हा नफा नव्हे, छुपा तोटा आहे.

तरीही जागा आहे. तान्ह्या बाळाचे मोजे थोड्या वेळात होतात. सुजऱ्या पायांच्या वृद्धांना सैल पट्टीचा मोजा बाजारात सहजी मिळत नाही. तो मापावर विणून देता येतो. असे काम मागणी आल्यावरच, थोडी रक्कम आगाऊ घेऊन करावे. कर्ज काढून सुताचा साठा करू नये. छंद म्हणून सुरुवात करा, पण वही पहिल्या जोडीपासून ठेवा.